शून्य मिलिमीटर, जुना जालना

आमच्या घरमालकांइतका बरोबर माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात नसेल, आणि बरोबर असण्याचा त्रासही त्यांच्याइतका कुणी सोसला नसेल. सारी हयात ते मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी होते. पोतं काट्यावर चढलं की एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला अडत्या आणि मधे हे. दोघांनाही त्यांचा आकडा पसंत पडायचा नाही, म्हणजेच तो बरोबर असायचा, असं त्यांचं म्हणणं. निवृत्त झाल्यावर काटा सुटला, पण हात सुटला नाही. समोर येईल ती वस्तू ते एकदा उचलून बघत. मी खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी माझं नावगाव विचारायच्या आधी माझ्या खांद्यावरची पिशवी हातात घेतली, किंचित वरखाली केली आणि म्हणाले, "चार किलो दोनशे. खांदा जाईल मॅडम." मी कॉलेजात जाऊन केमिस्ट्रीच्या काट्यावर पिशवी ठेवली, तर चार किलोच्या थोडी आतच. संध्याकाळी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा जो उतरला तो दोन दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, पिशवीत पाण्याची बाटली होती का, आणि वाटेत तुम्ही पाणी प्यालात का. मी प्याले होते. त्यानंतर ते पुन्हा नीट जेवायला लागले.

मी मूळची राजूरची. गणपतीच्या देवळाच्या वाटेवर आमचं नारळ-प्रसादाचं दुकान आहे. जालन्यात मी एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, आणि एकटी राहते. एकट्या बाईला जुन्या जालन्यात खोली मिळायला जेवढे प्रश्न विचारतात तेवढे मी सात घरी ऐकून आले होते. आठव्या घरी पिशवीचं वजन सोडून कुणी काही विचारलं नाही. खाली ते राहत, वर मी. त्यांची बायको, म्हणजे काकू, पुण्याला होत्या. सुनेच्या बाळंतपणासाठी सहा महिने म्हणून गेल्या होत्या, आणि तो नातू आता दुसरीत गेला होता. रोज संध्याकाळी सात वाजता काकूंचा फोन यायचा. त्या विचारायच्या, जेवलात का, आणि हे सांगायचे, "शून्य." एवढ्या बोलण्यात दोघांचं समाधान होत असावं. निदान वरून ऐकताना मला तसं वाटायचं.

हे शून्य पावसाचं. बियाणांच्या एका कंपनीचं प्रयोगाचं शेत बंद झालं तेव्हा भंगारात निघालेलं पाऊस मोजायचं यंत्र काकांनी उचलून आणलं होतं, आणि त्याच्या सोबतीच्या दोन काचनळ्या. वर नरसाळं, खाली बाटली, एवढंच ते यंत्र. गच्चीच्या बरोबर मध्यभागी त्यांनी ते सिमेंटात बसवलं होतं. गच्ची माझ्या खोलीसमोरच असल्यामुळे रोज सकाळी साडेआठला मला त्यांची पावलं ऐकू यायची. जालन्यात पाऊस मोजायचा म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस पाऊस नसल्याचंच मोजायचं. पण काका एप्रिलातही नरसाळं काढत, बाटली नळीत उपडी करत, त्यातून काही पडत नसे, तरी नळी डोळ्यांच्या रेषेत धरत आणि मग खिशातल्या वहीत शून्य मांडत. नंतर बाटली झटकून परत ठेवत. एकदा मी गमतीनं म्हटलं, आज आभाळ इतकं स्वच्छ आहे, खालूनच लिहायचं ना. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना पोतं न मोजता पावती फाडायला सांगितलं होतं.

'काल पाऊस बरा झाला' असं त्यांच्यासमोर म्हणायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. बरा म्हणजे किती, असं ते लगेच विचारत. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं एकदा धो धो पडला म्हणून सांगितलं, तर काका शांतपणे म्हणाले, अकरा पॉइंट चार, धो धो पन्नासच्या पुढं. गल्लीतली लग्नं, बारशी, मुलांचे निकाल हे सगळं त्यांच्या डोक्यात मिलिमीटरनं लावलेलं होतं. यंत्र येण्याआधीचा पाऊसही त्यांनी मोंढ्यात पत्र्याच्या डब्यात मोजून ठेवला होता. एकदा शेजारच्या गल्लीत एक म्हातारे वारले. मीही काकांबरोबर भेटायला गेले होते. त्यांचा मुलगा भिंतीला टेकून रडत होता. काका त्याच्याजवळ बसले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या बापाच्या वरातीत त्रेसष्ट मिलिमीटर झाल्ता. बँडवाले पळून गेले. पण बाप काही घोड्यावरून उतरला न्हाई." तो मुलगा रडता रडता हसला. नंतर तो कितीदा तरी काकांकडे येऊन तेवढाच आकडा पुन्हा ऐकून गेला.

काकांच्या समोरच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता, मुलानं पुण्याला जाताना ठेवलेला. त्यावर ते एकच पान उघडत. कुण्या एका हौशी माणसानं बनवलेली पावसाची साइट होती ती. राज्यभरातल्या तेरा गावांतली तेरा माणसं तिथं रोज सकाळी आपापला आकडा लिहायची. नावं नाहीत, फोटो नाहीत. डाव्या बाजूला गावाचं नाव, पुढे आकडा, त्यापुढे शेरा लिहायला छोटी जागा. चांदवड, औसा, अकोट, देवरुख अशी ती माणसं होती. काका होते 'जुना जालना'. सबंध उन्हाळाभर ही तेरा माणसं एकाखाली एक तेरा शून्यं लिहीत बसायची, आणि काका ती रोज वरून खाली वाचायचे. देवरुखवर त्यांचा विश्वास नव्हता. पावसाळ्यात तिकडून एकशे साठ, दोनशे दहा असले आकडे यायला लागले की ते म्हणायचे, यानं यंत्र पन्हाळीखाली ठेवलं असंल. पण खरा राग होता तो 'तीर्थपुरी'वर. तीर्थपुरी आपल्याच जिल्ह्यातली, घनसावंगी तालुक्यातली, आणि तिकडचा आकडा नेहमी पाच, दहा, वीस असा गोल. पाऊस काय पाचाच्या पटीत पडतो का, असं ते मला विचारत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी शेऱ्यात लिहिलं होतं, 'काचनळी सपाट जागी ठेवावी.' तीर्थपुरीनं दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं होतं, 'ठेवली आहे.' त्या दोघांमध्ये तेवढंच बोलणं झालेलं. त्याचं भांडण मात्र रोज ताजं असायचं.

मी कॉम्प्युटर शिकवते हे कळल्यापासून त्या पानाची तब्येत माझ्याकडे आली. पहिल्यांदा त्यांनी मला बोलावलं तेव्हा म्हणाले, "लाईट लागून राह्यला, फोनवर सगळं येऊन राह्यलं, पण पान काही उघडत न्हाई." आणि मला दाखवायला म्हणून इंटरनेटचा डबा उचलून पाहिला. वजन बराबर आहे, म्हणजे आत काही जळालेलं नाही, हे त्यांचं निदान. ते खरंही होतं. बिघाड निराळा होता. कॉम्प्युटरच्या पोटातला बटणाएवढा सेल मेला होता, त्यामुळे वीज गेली की त्याची तारीख काही वर्षं मागे जायची, आणि तारीख चुकली की ब्राउझर कुठल्याच पानावर विश्वास ठेवत नाही. पडद्यावर सूचना आली होती की तुमचं घड्याळ मागे आहे. काकांना तो अपमान वाटला होता. मी पोचले तेव्हा ते मनगटावरचं घड्याळ पडद्यासमोर धरून बसले होते. मी सेल बदलून दिला. मेलेला सेल आणि नवा सेल त्यांनी दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ तोलले, आणि दोन्ही सारखेच भरतात याचं त्यांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्यांदा पान उघडेना तेव्हा मी अर्धा तास डोकं फोडलं. शेवटी लक्षात आलं की काका पत्ता टाइप करून झाल्यावर शेवटी पूर्णविरामाचं टिंब देत होते. मी म्हटलं, हे टिंब द्यायचं नसतं. वाक्य संपल्यावर द्यायचं नाही तर मग कधी द्यायचं, असं त्यांनी विचारलं. तिसऱ्यांदा मी परीक्षेच्या कामाला गेले होते, तेव्हा त्यांनी स्वतःच कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन लावला. तिकडच्या मुलीनं सांगितलं, आमच्या बाजूनं सगळं ठीक आहे. काकांनी तिला विचारलं, तुमची बाजू म्हणजे कुठली. ती म्हणाली, सोलापूर. काकांनी विचारलं, किती झाला तुमच्याकडं. ती म्हणाली, बरा झाला. नंतरचा पाऊण तास ते दोघं काय बोलले मला माहीत नाही, पण मी परत आले तेव्हा पान चालू होतं आणि सोलापूरच्या त्या मुलीच्या बापाच्या गुडघेदुखीवर काका निरगुडीचा पाला शोधत होते.

आणि मग मार्चमध्ये एका सकाळी पान उघडलं नाही ते नाहीच. मी तारीख पाहिली, बरोबर होती. पत्त्याच्या शेवटी टिंब नव्हतं. ब्राउझरच्या पोटात साठलेला जुना कचरा काढला, दुसरा ब्राउझर टाकला, डबा बंद करून चालू केला. बातम्या उघडत होत्या, हवामान उघडत होतं, माझ्या कॉलेजचं पानसुद्धा उघडत होतं, जे एरवी कधी उघडत नाही. फक्त तेच एक नाही. काका मागे उभे राहून म्हणाले की बाकी सगळी दारं उघडत असतील तर आपल्या कडीत दोष नसावा. त्यांचं निदान पुन्हा बरोबर होतं. कॉलेजात जाऊन मी शोध घेतला. साइट चालवणाऱ्यानं तिची मुदत वाढवली नव्हती. ते नावच रिकामं झालं होतं. तो माणूस थकला असेल, विसरला असेल, किंवा आणखी काही. त्याच्यापर्यंत पोचायचा एकही धागा त्यानं ठेवला नव्हता.

संध्याकाळी घरी आले तर काका जिन्याच्या पायरीवर वाट बघत बसले होते. त्यांच्या हातात वही होती. मी म्हटलं, साइटवाल्यांकडे दुरुस्ती चालू आहे. का म्हटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. थकून आले होते, आणि खरं सांगितलं असतं तर वर जाऊन एकटीनं भाकरी करवली नसती, एवढंच आठवतं. काका म्हणाले, "मंग ठीक आहे." आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला गच्चीवर पावलं वाजली.

त्यानंतर रोज ते शून्य वहीत मांडायचे, खाली जाऊन पान उघडायचा प्रयत्न करायचे, आणि वहीत त्या शून्यापुढे 'दुरुस्ती' असं लिहायचे. आठवडाभरात मला कळलं की माझ्या एका खोट्यावर आणखी एक वजन येऊन बसलंय. पुण्याहून मुलगा गेली दोन-तीन वर्षं मागे लागला होता की बाबा, आता इकडे या. काका सांगायचे, इथलं माप कोण बघंल. हे कारण मुलाला हसण्यासारखं वाटायचं, पण ते कारण होतं खरं. आता मुलाला कुठूनसं समजलं की पान बंद आहे. तो फोनवर बोलत होता आणि काका मोठ्यानं सांगत होते, बंद नाही, दुरुस्ती चालू आहे, मॅडमनी बघितलंय. मी वर दाराशी उभी राहून ते ऐकत होते. काकूंनीही फोन घेतला असावा, कारण काकांचा आवाज एकदम खाली आला. नंतर ते फक्त हूं, हूं म्हणत राहिले.

सव्वा महिना असा गेला. एका रविवारी सकाळी माप झाल्यावर ते खाली न जाता माझ्या दाराशी आले, आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहून म्हणाले, "मॅडम, मोंढ्यात काटा बिघडला की जास्तीत जास्त चार दिवस लागायचे. सदतीस दिवस कुठली दुरुस्ती चालत न्हाई."

मी त्यांना सगळं सांगितलं. खोटं बोलले तेही सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, त्यांना दहाव्या दिवशीच कळलं होतं. मग का नाही विचारलंत, म्हटलं. तर म्हणाले, "तुम्ही बी रोज वरून विचारायच्या, आज लागलं का पान, म्हणून. मला ते विचारणं मोडायचं नव्हतं." मला वाटलं, आता पुण्याचं काढतील. पण त्यांनी विचारलं, तीर्थपुरीला गाडी किती वाजता असते.

अंबडला गाडी बदलून आम्ही तीर्थपुरीला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. काकांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं आणि खांद्याला पिशवी होती. त्या माणसाला भेटून काय करणार, हे मी वाटेत दोनदा विचारलं. एकदा ते म्हणाले, त्याला नळी कशी धरायची ते दाखवतो. दुसऱ्यांदा खिडकीतून उसाचे फड बघत राहिले. स्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेताना त्यांनी विचारलं, इथं पाऊस मोजणारं कोण आहे. हॉटेलवाला म्हणाला, मोजायला पडतो का इथं. पण बाकड्यावर बसलेल्या एकानं सांगितलं की मागच्या गल्लीत एक रिटायर गुरुजी आहेत, रोज सकाळी घराच्या धाब्यावर चढून बाटलीत डोळा लावून बसतात. काय बघतात ते आजवर कुणी विचारलं नाही.

घर लहान, सारवलेलं होतं, दारावर पंचशीलाचा छोटा झेंडा होता. गुरुजी पडवीत खुर्चीवर बसले होते. त्यांची सून अंगणवाडीत आहे, ती त्या दिवशी घरी होती. तिनं आधीच सांगितलं की त्यांना ऐकू येत नाही, बिलकुल नाही, जे काय असेल ते पाटीवर लिहून द्या. आणि खरंच गुरुजींच्या मांडीवर शाळेतली काळी पाटी होती. काकांनी पाटी घेतली, खडू घेतला. मग त्यांनी दोनच शब्द लिहिले. 'जुना जालना.'

गुरुजींनी पाटी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग खुर्चीतून उठले आणि काकांचा खडू धरलेला हात तसाच दोन्ही हातांत घेतला. ऐकू न येणारी माणसं कधी कधी बोलतात तसं फार हळू बोलत ते म्हणाले, "मला वाटलं, मीच बंद पडलो. तुम्ही सगळे लिहून राह्यले असाल, न् माझीच जागा मोकळी दिसत असंल."

त्यांच्या फोनवरही पान उघडत नव्हतं. बाकी सगळं उघडत होतं, म्हणून त्यांना वाटत होतं की दोष आपल्याच फोनमध्ये आहे. सुनेनं जालन्याला नेऊन फोन दाखवून आणला होता, दुकानदारानं तो पूर्ण पुसून नवा करून दिला होता, आणि त्यात नातवंडांचे सगळे फोटो गेले होते. सून हे सांगताना हसत होती, पण गुरुजी तिच्या ओठांकडे बघत होते आणि त्यांना ते समजलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. काकांनी पाटीवर लिहिलं, 'मी रोज लिहितो आहे. वहीत.' गुरुजींनी आत जाऊन स्वतःची वही आणली. दोन्ही वह्या शेजारी ठेवून दोघं एकेक शून्य बोटानं ताडून पाहत होते. एका दिवशी काकांकडे शून्य होतं आणि गुरुजींकडे पाच. काकांची भुवई वर गेली. त्यांनी खुणेनंच विचारलं, नळी कुठाय.

गुरुजींनी सरबताची एक काचेची बाटली आणून समोर ठेवली. तिच्या अंगावर खिळ्यानं पाच-पाच मिलिमीटरवर रेघा ओढल्या होत्या. खरी काचनळी फुटली होती. काकांनी लिहिलं, 'कधी?' गुरुजी म्हणाले, "तुमचा तो सपाट जागेचा शेरा आल्ता ना, त्याच्या चार दिवस आधी. आता सगळ्यांसमोर काय सांगायचं." काकांनी पाटी पुसली. काहीतरी लिहायला घेतलं, आणि ते पुरं न करताच पुन्हा पुसलं. मग पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली दुसरी काचनळी काढली आणि गुरुजींच्या हातात दिली. दाखवायला म्हणून आणलेली ती नळी परत पिशवीत गेली नाही. निघताना गुरुजींनी आम्हाला मोसंबी दिली. काकांनी पिशवी उचलली, पण तिचं वजन सांगितलं नाही. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून असं पहिल्यांदाच झालं.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, मी तुम्हाला तसंच पान बनवून देते, किंवा साधा फोनवर ग्रुप करू. ग्रुपला ते नाही म्हणाले. ग्रुपवर सकाळी फुलं येतात, त्यात आकडा सापडत नाही. पान मी दोन रविवारांत बनवलं. त्यात दोन ओळी ठेवल्या होत्या, जुना जालना आणि तीर्थपुरी. काका खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, बाकीच्यांची जागा कुठाय. मी म्हटलं, ती माणसं आता कुठं सापडणार, मग तिथं काय दाखवू, शून्य? तेव्हा ते जरा जोरात बोलले. "शून्य न्हाई. शून्य म्हंजे कुणीतरी वर जाऊन बघितलं. मोकळी जागा म्हंजे कुणी बघितलंच न्हाई. त्यांच्या जागा मोकळ्या ठेवा." म्हणून त्या पानावर तेरा गावं आहेत. देवरुखसुद्धा. रोज सकाळी दोन गावांपुढे आकडा यायचा आणि अकरा जागा मोकळ्या राहायच्या, आणि काका ते पान पहिल्यासारखंच वरून खाली वाचायचे. तीर्थपुरीचा आकडा आता दशांशात यायला लागला होता.

पावसाळ्यात एका सकाळी त्यांनी मला खालून हाका मारल्या. मी दात घासत होते, तशीच धावले. औसाच्या जागेत सात पॉइंट दोन आलं होतं. तो माणूस शोधत शोधत त्या पानावर आला होता. शेऱ्यात त्यानं काहीच लिहिलं नव्हतं. काकांनी मला तिथं लिहायला सांगितलं, 'या.' मग म्हणाले, पूर्णविराम देऊ नका.

दिवाळीनंतर ते गच्चीच्या जिन्यावर घसरले. मोडलं काही नाही, पण मुलगा आला, काकू आल्या. माप कोण बघणार, असं काकांनी या वेळी विचारलं नाही. पुण्याला जायच्या दिवशी त्यांनी काचनळी, वही आणि गच्चीची किल्ली माझ्या हातात दिली. काकू मला म्हणाल्या, तुमच्यामुळं एवढे दिवस राहिले ते. त्यात आभार किती आणि तक्रार किती, हे मला तोलता आलं नाही. गाडीत बसताना काकांनी माझ्या खांद्यावरची पिशवी सवयीनं उचलून पाहिली. तोंड उघडलं, पण मुलगा घाई करत होता.

ते सातव्या मजल्यावर राहतात. आठवड्यातून एकदा फोन करतात. एका फोनवर म्हणाले, इथं अवकाळी झाला परवा, खिडकीतून दिसला, पण मोजता येत न्हाई. मागून नातवाचा आवाज येत होता. त्याला पाढे शिकवतात म्हणे.

आता साडेआठला मी वर जाते. खालचं घर बंद आहे, त्यामुळे जिन्यात माझीच पावलं वाजतात. जानेवारीत एका सकाळी कॉलेजला उशीर होत होता, तेव्हा मी वर न जाता दारातच उभी राहून फोनवर पान उघडलं, 'जुना जालना'पुढे शून्य लिहिलं आणि निघाले. दोन तास शिकवलं, पण मुलं काय विचारत होती ते मला कळत नव्हतं. मधल्या सुट्टीत रिक्षा करून घरी आले. गच्चीचं कुलूप काढलं, नरसाळं बाजूला केलं, बाटली नळीत उपडी केली आणि नळी डोळ्यांसमोर धरली. कोरडी होती. एक मुंगी तेवढी काचेवरून घरंगळली. आकडा बरोबर निघाला होता. तरी मी पान उघडून सकाळचं शून्य खोडलं, आणि तेच शून्य पुन्हा लिहिलं. मग दुपारचा तास चुकला तर चुकला म्हणून तिथंच कठड्याच्या सावलीत बसले. फोनमध्ये तीर्थपुरी शून्य होती, औसा शून्य होता, आणि खाली दहा जागा मोकळ्या होत्या.